फिटची जुनी गोळी आणि गरोदर बाई

सुनेला फिट येते, ती रोज रात्री एक गोळी घेते आणि आता तिला दिवस राहिलेत. गोळी चालू ठेवायची की बंद करायची? मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत हा प्रश्न येतो तेव्हा बहुधा तिसरा महिना लागलेला असतो. विचारणारी सासू असते किंवा आई. जिला दिवस राहिलेत ती शेजारच्या खुर्चीत गप्प. गोळीचं नाव अनेकदा ‘गार्डिनल’, म्हणजे फिनोबार्बिटोन. बारबिट्युरेट कुळातलं हे औषध शंभरी ओलांडलेलं आहे आणि फिटवरच्या औषधांत आजही सर्वांत स्वस्तांपैकी एक आहे. या गोळीने गर्भाचं काय होतं यावर गेली साठ वर्षं संशोधन चालू आहे. ते एकत्र वाचताना एक विसंगती सतत खटकते. या औषधाबद्दल जे सर्वांत स्वच्छ कळलं ते ज्यांना ते कधी लागतच नव्हतं अशा बायकांमुळे कळलं. ज्या बायका आजही त्याच्यावर अवलंबून आहेत त्यांची मोजणी मात्र कुणी मन लावून केलेली नाही.

फिट आणि बाईचं शरीर यांची सांगड वैद्यकाने फार पूर्वी घातली, तीही चुकीच्या कारणाने. १८५७च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीच्या बैठकीत अध्यक्षस्थानी चार्ल्स लोकॉक होते. व्हिक्टोरिया राणीची बाळंतपणं करणारे हे डॉक्टर. पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या बायकांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि गुण आला, असं त्यांनी सांगितलं. अशा फिटचं मूळ कामवासनेत आहे आणि ब्रोमाइड ती शमवतं, असा त्यांचा समज होता. समज टाकाऊ होता, औषध मात्र खरंच लागू पडलं. पुढची पन्नासेक वर्षं जगभरचे फिटचे रुग्ण ब्रोमाइडवर राहिले. अंगावर पुरळ, डोक्यात सुस्ती आणि बोलण्यात जडपणा घेऊन.

बारबिट्युरेटांचा मूळ पुरुष म्हणजे बार्बिट्युरिक आम्ल. ते अडॉल्फ फॉन बायर यांनी १८६४ साली बनवलं, पण औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. त्यापासून झोपेचं पहिलं औषध, ‘व्हेरोनाल’, १९०३ साली एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी पुढे आणलं. १९१२ साली बायर कंपनीने फिनोबार्बिटोन ‘ल्युमिनाल’ या नावाने बाजारात आणलं, तेही झोपेसाठीच. त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टराने ते फिटच्या रुग्णांना दिलं. सांगतात की त्याची राहण्याची खोली वॉर्डाजवळ होती आणि रात्री रुग्णांच्या फिटमुळे त्याची झोपमोड व्हायची. रुग्ण शांत झोपावेत एवढाच त्याचा हेतू. पण त्याच्या लक्षात आलं की दिवसाच्या फिटही कमी झाल्यात. हा हाउप्टमान ज्यू होता. नाझी राजवटीत त्याची प्राध्यापकी गेली, काही काळ तो डाखाऊच्या छळछावणीत होता, पुढे बोस्टनला पोचला आणि तिथेच वारला. फिटवरच्या औषधांच्या इतिहासात त्याचं नाव असायला हवं त्यापेक्षा लहान अक्षरांत लिहिलेलं दिसतं.

हे औषध झोपेचं म्हणून जन्मलं आणि फिटचं म्हणून टिकलं. या दुहेरी जन्मामुळेच पुढचा सगळा गोंधळ झाला आणि शेवटी उत्तरही त्यातूनच निघालं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत युरोप-अमेरिकेत बारबिट्युरेटं कुणालाही दिली जात. झोप येत नाही, मन अस्वस्थ आहे, रक्तदाब चढलाय, उलट्या होताहेत, काहीही चालायचं. गरोदर बाईच्या यातल्या बहुतेक तक्रारी असतातच, म्हणून तिलाही ती मिळत. बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून अमेरिकेत बारबिट्युरेट आणि स्कोपोलामिन एकत्र देत. बाई अर्धवट गुंगीत, आणि जन्मलेलं मूलही गुंगीत. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली नवजात बाळाला गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आईला दिलेल्या औषधांचा बाळावर काय परिणाम होतो ते मोजता यावं, हा तिच्यामागचा एक उद्देश होता. आज आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यातही केसपेपरवर ‘अपगार ८/९’ असं लिहितात, तेव्हा त्यामागे या गुंगीत जन्मलेल्या पिढीची आठवण आहे हे कुणाच्या ध्यानात नसतं. बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६१ साली लिहिलं की बाळंतपणात भरपूर गुंगीची औषधं घेतलेल्या आयांची मुलं नीट अंगावर प्यायला आणि वजन धरायला उशीर लावतात. तोवर वार ही एक भिंत आहे, आईच्या रक्तातलं विष ती अडवते, असा बहुतेकांचा विश्वास होता. त्याच वर्षी थॅलिडोमाइडचं प्रकरण उघड झालं आणि तो विश्वास कायमचा गेला.

गरोदरपणात येणारी प्रत्येक फिट अपस्माराची नसते. जिला आयुष्यात कधी फिट आली नाही तिला आठव्या-नवव्या महिन्यात रक्तदाब भयंकर चढून झटके येतात. त्याला एक्लाम्प्सिया म्हणतात. आपल्या देशात बाळंतिणींचे जीव घेणाऱ्या कारणांत ते अजूनही मोठं आहे. इथे गुंगीच्या औषधांनी जवळजवळ शतकभर राज्य केलं. रशियातल्या स्ट्रोगानॉफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत रुळवली तिच्यात मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट होतं, आणि खोलीत अंधार व शांतता असे. प्रकाशाची तिरीप किंवा भांड्याचा आवाजही झटका आणेल अशी भीती. पुढे त्या यादीत बारबिट्युरेटं आली. भारतात मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडिन यांचं मिश्रण वापरलं. १९६१ साली त्यांचा लेख आला आणि ‘लायटिक कॉकटेल’ या नावाने ते मिश्रण आपल्या इस्पितळांत कित्येक वर्षं चालत राहिलं. ही मांडणी सरळ होती: झटका म्हणजे मेंदू खवळलेला, तेव्हा त्याला झोपवा.

डॅलसच्या पार्कलँड इस्पितळात जॅक प्रिचर्ड १९५०च्या दशकापासून वेगळं काही करत होते. मॅग्नेशियम सल्फेट: खुब्यात खोल इंजेक्शन, दर चार तासांनी. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षेप बघायचा, श्वास मोजायचा, लघवी किती झाली ते पाहायचं. १९८४ साली त्यांनी २४५ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यात मृत्यू एक. युरोपातल्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. जे फिटचं औषधच नाही, ज्याने गुंगीही येत नाही, त्याने झटका कसा थांबेल? हा वाद कुठल्याही सिद्धान्ताने मिटला नाही, मोजणीनेच मिटला. १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एक्लाम्प्सियाच्या १,६८७ बायका होत्या, त्यांत भारतातल्याही. मॅग्नेशियम दिलेल्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपाम दिलेल्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फिनिटोइन दिलेल्यांपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी होतं. २००२ सालच्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या १०,१४१ बायका होत्या, झटके अजून न आलेल्या पण रक्तदाब चढलेल्या. मॅग्नेशियम घेणाऱ्यांत ४० जणींना झटका आला, नुसतं सलाईन घेणाऱ्यांत ९६ जणींना. आपल्याकडच्या बायका अमेरिकन बायकांपेक्षा अंगाने लहान, म्हणून ढाक्यात आणि आपल्या सोलापुरातही, डॉ. सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी, कमी मात्रेच्या पद्धती वापरून पाहिल्या. एक्लाम्प्सियात बारबिट्युरेटांचा अध्याय इथे संपला. त्या अंधाऱ्या खोल्यांत नेमके किती जीव वाचले आणि किती गुंगीत गेले, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

मधल्या काळात फिनोबार्बिटोनला आणखी दोन कामं सुचवली गेली होती. ते यकृतातली विकरं जागी करतं, म्हणून शेवटच्या आठवड्यांत आईला दिलं तर बाळाची कावीळ कमी होईल. आणि मुदतीआधी जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव टळेल. दुसऱ्या कल्पनेची १९९७ साली ६१० अमेरिकन बायकांवर नीट चाचणी झाली. रक्तस्राव किंवा मृत्यू औषधाच्या गटात २४ टक्के, दुसऱ्या गटात २३. कल्पना बाद झाली.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जिला अपस्मार आहे तिच्याकडे.

थॅलिडोमाइडनंतर सगळ्याच औषधांकडे संशयाने बघणं सुरू झालं. १९६४ साली जर्मनीत डीटर यान्स आणि फुक्स यांनी फिटची औषधं घेणाऱ्या आयांची पाहणी केली आणि काळजीचं कारण दिसत नाही असा निष्कर्ष काढला. चारच वर्षांनी इंग्लंडच्या रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ला एक छोटं पत्र लिहिलं. फाटलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू असलेली सहा मुलं त्यांच्या नजरेत आली होती आणि सहाही आया फिटची औषधं घेत होत्या. इतर डॉक्टरांना असं काही दिसलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर पत्रांची रीघ लागली. (हेच मेडो पुढे एका खून खटल्यात चुकीचं गणित साक्षीत सांगून अडचणीत आले. १९६८ सालचं हे पत्र मात्र कमी बोलून नेमकं बोलण्याचा उत्तम नमुना आहे.)

पण सहा मुलांवरून दोष कुणाचा हे ठरत नाही. फिटची बाई औषध घेते कारण तिला आजार आहे. मग मुलाचा ओठ फाटला तो औषधाने, आजाराने, की ज्या अनुवंशाने आईला आजार दिला त्यानेच? १९७० आणि ८०ची दशकं या वादात गेली. औषध कंपन्यांना आणि पुष्कळ डॉक्टरांनाही ‘आजारामुळे’ हे उत्तर सोयीचं होतं, आणि ते खोडून काढणं सोपं नव्हतं. त्यासाठी ज्यांना अपस्मार आहे पण औषध चालू नाही अशा गरोदर बायका शोधाव्या लागतात. अशा बायका मुळात कमी, आणि त्यांचा आजार बहुधा सौम्य.

लुईस होम्स यांच्या गटाने ते काम केलं. १९८६ ते १९९३ या काळात बोस्टनच्या परिसरातल्या पाच प्रसूतिगृहांत त्यांनी १,२८,०४९ बाळंतिणींची चौकशी केली आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. मोठी व्यंगं, चेहऱ्याची व बोटांची विशिष्ट ठेवण आणि खुंटलेली वाढ या सगळ्यांचा एकत्र विचार करता, फिटचं एक औषध घेतलेल्या आयांच्या २०.६ टक्के मुलांत काहीतरी सापडलं. दोन किंवा अधिक औषधं घेतलेल्यांत २८ टक्के. औषध न घेतलेल्या निरोगी आयांच्या मुलांत ८.५ टक्के. आणि अपस्मार असून औषध न घेतलेल्या ९८ आयांची मुलं निरोगी आयांच्या मुलांसारखीच होती. आजाराला दोष देणारा युक्तिवाद यापुढे टिकणं कठीण होतं.

पण ‘औषधं’ म्हणजे सगळी सारखी नव्हेत. कोणतं किती वाईट, हे कळायला ही औषधं घेणाऱ्या गरोदर बायकांच्या नोंदवह्या लागल्या. उत्तर अमेरिकेची १९९७ साली सुरू झाली, युरोपची ‘युरॅप’ १९९९ साली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ सालीच केरळची नोंदवही उघडली. देशात असं काम दुसरीकडे फारसं झालं नाही, आणि महाराष्ट्रात तर ते सहज होऊ शकलं असतं असं वाटून वाईट वाटतं. उत्तर अमेरिकी नोंदवहीचा २०१२ सालचा हिशेब असा: औषध न घेतलेल्या बायकांच्या मुलांत मोठी जन्मजात व्यंगं १.१ टक्के, लॅमोट्रिजिन घेतलेल्यांत २, लेव्हेटिरासिटाम २.४, फिनोबार्बिटोन ५.५, व्हालप्रोएट ९.३. फिनोबार्बिटोनच्या मुलांत हृदयाची व्यंगं विशेष दिसली. युरॅपच्या २०१८ सालच्या आकड्यांत फिनोबार्बिटोन ६.५ आणि व्हालप्रोएट १०.३ टक्के. त्याआधी २०११ साली युरॅपनेच दाखवलं होतं की धोका मात्रेवर अवलंबून असतो. फिनोबार्बिटोन दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ५.४ टक्के, त्याहून जास्त असेल तर १३.७.

या टक्केवारीत दोन गोष्टी बघाव्यात. पहिली धीर देणारी आहे: सहा टक्के म्हणजे शंभरातली साधारण चौऱ्याण्णव मुलं मोठ्या व्यंगाविना जन्मतात. डॉक्टरने हा आकडा उलट बाजूने सांगितला तर समोरची बाई घाबरून गोळ्या टाकून देते, आणि त्याचे परिणाम पुढे पाहूच. दुसरी गोष्ट टक्क्यांच्या खाली दडलेली आहे. २०१२ सालच्या अमेरिकी यादीत लॅमोट्रिजिन घेतलेल्या १,५६२ आया होत्या, फिनोबार्बिटोन घेतलेल्या १९९. युरॅपच्या यादीत २,५१४ विरुद्ध २९४. मोठ्या मात्रेचा तो १३.७चा आकडा तर पन्नासेक आयांवर उभा आहे. ज्या देशांनी नोंदवह्या काढल्या त्यांनी हे औषध तोवर जवळपास सोडलं होतं. जे देश ते वापरतात त्यांच्याकडे, केरळसारखा अपवाद सोडला तर, नोंदवह्या नाहीत. जगात सर्वाधिक गरिबांच्या पोटात जाणाऱ्या फिटच्या गोळीचा हिशेब असा श्रीमंतांच्या उरल्यासुरल्या रुग्णांवरून मांडलेला आहे.

व्यंग डोळ्यांना दिसतं. बुद्धीचं तसं नाही, ते कळायला वीस वर्षं थांबावं लागतं. आणि इथेच झोपेच्या गोळ्यांच्या त्या जुन्या उधळपट्टीचा अनपेक्षित उपयोग झाला. कोपनहेगनच्या सर्वांत मोठ्या इस्पितळात १९५९ ते १९६१ या काळात झालेल्या ९,१२५ बाळंतपणांची बारीक नोंद ठेवलेली होती, आईने कोणतं औषध कधी घेतलं यासकट. जून राइनिश आणि सहकाऱ्यांनी त्यातून असे पुरुष शोधले ज्यांच्या आयांना अपस्मार नव्हता, मानसिक आजारही नव्हता, पण गरोदरपणात फिनोबार्बिटोन मिळालं होतं. म्हणजे औषध आहे आणि आजार नाही. नैतिकदृष्ट्या असा प्रयोग मुद्दाम कुणी करू शकत नाही. इथे तो वैद्यकाच्या सढळ हाताने आपोआप झालेला होता. १९९५ सालच्या त्यांच्या निबंधात दोन गट होते, ३३ आणि ८१ पुरुषांचे. वयात आलेल्या या पुरुषांचे शाब्दिक बुद्धीचे गुण अपेक्षेपेक्षा सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाने, म्हणजे सातेक गुणांनी कमी होते. औषध शेवटच्या तीन महिन्यांत मिळालं असेल तर नुकसान जास्त. आणि घर गरीब असेल किंवा मूल नको असताना झालेलं असेल तर आणखी जास्त. हा शेवटचा तपशील मला सगळ्या निबंधात सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो, कारण आज ही गोळी ज्या घरांत पोचते त्यांचं वर्णन त्याहून वेगळं नाही.

संख्या लहान आहे, एकाच शहराची आहे, पण तिला आधार देणारे पुरावे दुसरीकडून आले. १९९० साली अमेरिकेत तापात फिट आलेल्या लहान मुलांना फिनोबार्बिटोन देऊन पाहिलं गेलं. दोन वर्षांनी त्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक दुसऱ्या गटापेक्षा ८.४ गुणांनी कमी निघाला. २००२ साली बर्लिनच्या संशोधकांनी उंदराच्या पिल्लांवर दाखवलं की मेंदू वेगाने वाढत असताना फिनोबार्बिटोन, फिनिटोइन, व्हालप्रोएट यांसारखी औषधं दिली तर मेंदूतल्या पेशी मोठ्या संख्येने आपणहून मरतात. वाढत्या मेंदूत पेशींनी एकमेकींशी बोलत राहावं लागतं. जी गप्प बसवली जाते ती नकोशी ठरते. पिल्लांवरून थेट माणसावर उडी मारू नये हे खरं, तरी बाण एकाच दिशेला आहेत. आणि तरीही या विषयावरचा सर्वांत गाजलेला आधुनिक अभ्यास, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पंचवीस केंद्रांत झालेला ‘नीड’, यात चार औषधं होती: कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फिनिटोइन, व्हालप्रोएट. सहाव्या वर्षापर्यंत मुलांची बुद्धी मोजली गेली, व्हालप्रोएट आठ ते अकरा गुणांनी मागे पडलं, सरकारं हलली, ब्रिटनमध्ये २०१८ साली त्यावर कडक बंधनं आली. फिनोबार्बिटोन यादीतच नव्हतं, त्यामुळे ते नापासही झालं नाही.

जन्मानंतरच्या गोष्टी थोडक्यात. आईच्या गोळीची सवय झालेलं बाळ घरी गेल्यावर, काही दिवसांनी, थरथरू लागतं, अखंड रडतं, झोपत नाही. हे औषध शरीरातून फार हळू निघतं, म्हणून दवाखान्यातून सुटी मिळते त्या दिवशी सगळं ठीक दिसतं. घरात मग ‘दृष्ट लागली’पासून ‘दूध पुरत नाही’पर्यंत सगळी निदानं होतात. के जीवनसत्त्व कमी पडून रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मताच त्याचं इंजेक्शन देतात. ते आज सगळ्याच बाळांना मिळतं, पण घरी बाळंतपण झालं तर या आयांच्या बाळाला ते न चुकता मिळालं पाहिजे. अंगावर पाजायला हरकत नाही, बाळ फार सुस्त पडत नाही ना एवढं बघायचं.

तर मग गोळी बंदच का करू नये? कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बाई स्वतः आहे. फिनोबार्बिटोन एकदम बंद केलं तर फिट नुसत्या परततात असं नाही, त्या एकामागून एक, न थांबता येऊ शकतात. त्यात आई आणि बाळ दोघंही जातात. ब्रिटनच्या मातामृत्यू चौकशीने २०२० साली नोंदवलं की अपस्मार असलेल्या गरोदर व बाळंतिणींचे अचानक मृत्यू त्याआधीच्या तीन वर्षांच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाले. गोळी चालू ठेवूनही काळजी संपत नाही. गरोदरपणात रक्तातलं औषधाचं प्रमाण घसरतं, तीच मात्रा अपुरी पडू लागते. युरॅपच्या ३,८०६ गरोदरपणांत दोन-तृतीयांश बायकांना पूर्ण काळात एकही फिट आली नाही. केरळच्या नोंदवहीत मात्र जवळपास निम्म्या जणींना आली, आणि सर्वाधिक बाळंतपणाच्या आगेमागे. दिवस राहण्याच्या आधीच्या महिन्यात फिट आली असेल तर पुढेही येण्याची शक्यता कितीतरी वाढते, हेही केरळनेच दाखवलं. अमेरिकेतल्या ‘मोनीड’ अभ्यासात गरोदर बायकांच्या फिट इतर बायकांपेक्षा जास्त वाढल्या नाहीत, पण तिथे चार गरोदर बायकांपैकी जवळजवळ तिघींची मात्रा वेळोवेळी बदलली गेली होती. रक्ततपासणी, दर महिन्याची भेट, मात्रेतला बदल, हे ज्या बाईला मिळतं तिची गोष्ट वेगळी.

ब्रिटनच्या औषध नियामकाने जानेवारी २०२१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून गर्भाला धोका वाढवणाऱ्या औषधांत फिनोबार्बिटोनचं नाव घातलं आणि लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटाम यांना तुलनेने सुरक्षित म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शनातही मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी याच दोघांना पहिली पसंती आहे. या संघटनेनेच आधी कित्येक वर्षं गरीब देशांत फिनोबार्बिटोनचा प्रसार केला, आणि त्यात तिची चूक होती असं मला वाटत नाही. चीनच्या खेड्यांत हजारो रुग्णांच्या फिट या गोळीने आटोक्यात आल्या. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात ९४ मुलांवर झालेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिनोबार्बिटोन आणि फिनिटोइन यांत वागणुकीचा फरक दिसला नाही. ज्याला दुसरं काहीच परवडत नाही त्याला ही गोळी नाकारणं म्हणजे त्याला चुलीत किंवा विहिरीत पडू देणं. पण ‘रुग्ण’ म्हणून केलेल्या या हिशेबात बाई वेगळी धरली गेली नाही.

वेगळी धरायची ती दिवस राहण्याच्या आधी. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, हृदयाचा आराखडा आठव्या आठवड्यापर्यंत तयार होतो, टाळू त्यानंतर थोड्याच दिवसांत जुळते. तिसऱ्या महिन्यात सासू प्रश्न विचारते तोवर व्यंगाचा निकाल लागून गेलेला असतो, आणि त्या वेळी घाईने औषध बदलण्यात बाळाचा फायदा थोडा आणि आईचा धोका मोठा. बदल करायचा तर सहा महिने-वर्षभर आधी, हळूहळू, एक औषध चढवत आणि दुसरं उतरवत, आणि फॉलिक ॲसिड तेव्हापासूनच सुरू करून.

पण आधी म्हणजे लग्नाच्या आधी, आणि लग्नाच्या आधी फिटचा शब्दही कुणी काढत नाही. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाच्या आड येणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती. ती १९९९ साली काढली गेली. कायद्यातून गेली तरी स्थळ बघणाऱ्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. म्हणून मुलगी सासरी गोळ्या लपवते, चार दिवस चुकवते, फिट आली की ‘चक्कर’ म्हणून निभावते.

शिवाय एक गोष्ट आहे जी डॉक्टरही सांगायला विसरतात. फिनोबार्बिटोन यकृतातली तीच विकरं जागी करतं जी गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं मोडतात. माला-डी किंवा माला-एन नियमित घेणाऱ्या बाईला, केवळ ही दुसरी गोळी चालू आहे म्हणून, दिवस राहू शकतात. औषध बदलायला हवा असलेला वेळ मिळावा म्हणून ती जी काळजी घेते तीच अशी निकामी होते. तिच्यासाठी तांबी बरी, आणि ते सांगायची जागा फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी जिथे लिहिली जाते तीच.